स्लो कुकरमधल्या चीज पास्त्याचा लगदा होऊ नये म्हणून

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या भावाने त्यांना स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, आणून दिला. व्हिडिओत बघून त्यांनी कच्ची मॅकरोनी, फ्रीजमधलं दूध आणि चीजचे क्यूब एकदमच आत घातले, ‘लो’वर लावलं आणि सहा तासांनी झाकण काढलं. मधे लगदा, कडेला करपलेली खरड, वर तेलाचा तवंग आणि खाली फाटलेल्या दुधाच्या गुठळ्या. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे भिशी आहे, दहा-बारा जणी येणार, आणि त्यांना हाच पास्ता करायचाय. ‘काहून असा होऊन राह्यला तेवढं सांगा, बाकी मी पाहून घेते,’ असं त्यांनी लिहिलंय.

ताई, सांगते. पण पास्त्याच्या आधी प्लगचं बघू. कुकर पालथा करून तळाची पट्टी वाचा. अमेरिकेत विकले जाणारे कुकर १२० व्होल्टचे असतात आणि आपल्या भिंतीतून २३० व्होल्ट येतात. उपकरण थेट लावलं तर उष्णता दुप्पट होत नाही, साडेतीन पटींच्याही वर जाते. २५० वॉटचा कुकर ९०० वॉट ओढायला लागतो आणि थोड्याच वेळात कॉइल जळते, नाहीतर भांडं तडकतं. तुमचा सहा तास चालला म्हणजे एकतर तो २२०-२४० व्होल्टचा असावा किंवा तुम्ही व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला असावा. ट्रान्सफॉर्मर असेल तर कुकरच्या दुप्पट वॉटचा हवा, आणि तो झाकून किंवा गॅसजवळ ठेवायचा नाही. प्रवासात नेतात ते हलके कन्व्हर्टर अशा तासन्‌तास चालणाऱ्या कामाचे नव्हेत.

आता मूळ मुद्दा. पास्ता ही सावकाश शिजवण्याची वस्तूच नाही. स्लो कुकर मुळात कडधान्यांसाठी जन्माला आला. अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं आणि त्यांच्या यंत्राचं नाव होतं ‘नॅक्सन बीनरी’, म्हणजे बीन्स शिजवायचं भांडं. पुढे रायव्हल कंपनीने ते विकत घेतलं आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. चिवट मांस, टणक दाणे, हाडांचा रस्सा यांना तासन्‌तासाच्या मंद आचेचा फायदा होतो. मॅकरोनी आठ-दहा मिनिटांत शिजते. तिला सहा तास देऊन तिचं काही भलं होत नाही.

दुसरा गैरसमज ‘लो’चा. लोकांना वाटतं की ‘लो’ म्हणजे कोमट आणि ‘हाय’ म्हणजे उकळतं. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही बटणं शेवटी उकळीच्या जवळपासच पोचवतात, ‘लो’ला तिथवर जायला जास्त वेळ लागतो इतकंच. म्हणजे तुमचं दूध पहिले काही तास नुसतं तापत राहिलं आणि उरलेला वेळ जवळजवळ उकळत्या तापमानाला बसलं. त्यात कॉइल भांड्याच्या भोवती, कडेला. म्हणून कडेला खरड आणि मधे लगदा.

(इथेच एक सांगून ठेवते, कारण कुकर आला की पुढचा प्रयोग राजम्याचा होतो. राजमा भिजवून थेट स्लो कुकरमध्ये घालू नका. त्यातलं फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन मंद आचेवर पूर्ण मरत नाही. भिजवलेलं पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर किमान दहा मिनिटं खळखळून उकळा, मगच कुकरमध्ये घाला.)

लगदा का झाला? ड्युरम गव्हाच्या रव्यात स्टार्च असतो आणि त्याला धरून ठेवणारं ग्लुटेनचं जाळं असतं. खळखळत्या पाण्यात पास्ता टाकला की हे जाळं लगेच आवळतं आणि स्टार्च आतच अडकून फुगतो. थंड दुधातून हळूहळू तापवला तर जाळं घट्ट व्हायच्या आधीच पास्ता पाणी पीत बसतो आणि स्टार्च बाहेर सुटतो. तर्री-पोह्यांचे पोहे चाळणीत धुवायच्या ऐवजी तासभर पाण्यात बुडवून ठेवले तर जे होईल, तेच. त्यातून पाकीट स्वस्तातलं असेल आणि घटकांत मैदा लिहिलेला असेल तर विचारूच नका. पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ वाचूनच घ्या. आकार एल्बो किंवा जाड पेने. बारीक शेवयांसारखे आणि फुलपाखरासारखे प्रकार या कामात टिकत नाहीत.

चीजबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी गंमत तिथे आहे. चीज म्हणजे केसिन या प्रथिनाचं कॅल्शियमने बांधलेलं जाळं, आणि त्या जाळ्यात अडकलेले स्निग्धाचे थेंब आणि पाणी. मध्यम आचेवर जाळं सैल होतं, चीज वितळतं. फार वेळ फार गरम ठेवलं की प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळतात, पाणी आणि तूप बाहेर पिळून टाकतात. तुमच्या पास्त्यावरचा तवंग तो हाच. मुरलेलं चेडार चवीला उत्तम, पण या बाबतीत सगळ्यात बेभरवशाचं. मोझरेलाला तार सुटते, पण ते सॉसमध्ये घालून ढवळत बसलात तर त्याचा गोळा होऊन चमच्याला चिकटतो. पनीर किसून घालणाऱ्याही भेटतात. पनीर आम्ल घालून बनतं, ते वितळतच नाही, कितीही तापवा. तो पास्ता वाईट लागेल असं नाही, पण चीजी होणार नाही.

यावर उपाय शोधला स्विस लोकांनी. थून गावच्या वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ मध्ये सोडियम सायट्रेट घालून प्रोसेस्ड चीज तयार केलं. हे मीठ केसिनमधलं कॅल्शियम काढून घेतं आणि त्या जागी सोडियम बसवतं. मग केसिन सुटं होऊन पाण्यात पसरतं आणि स्निग्धाच्या थेंबांना स्वतःच धरून ठेवतं. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारा अमूलचा ब्लॉक हे प्रोसेस्ड चीजच आहे. अशा चीजच्या पाकिटावर इमल्सिफायर (स्निग्ध आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) म्हणून ३३१ किंवा ३३९ असे आकडे दिसतात. ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट, ३३९ म्हणजे सोडियम फॉस्फेट. उंची चीजच्या गप्पा मारणारे या ब्लॉकला नाक मुरडतात. मी या पदार्थात त्याला पहिला मान देते. स्लो कुकरमध्ये तासभर गरम राहूनही न फुटणारं चीज हवं आणि ते तुमच्या फ्रीजमध्ये आधीच आहे. चव उंचवायला त्यात थोडं चेडार मिसळा, बस.

चेडार जास्त घालायचंच असेल तर सोडियम सायट्रेट घरी करता येतं. २०० ग्रॅम चेडारसाठी ४ ग्रॅम लिंबूसत्त्व आणि ५ ग्रॅम खायचा सोडा वजनकाट्यावर मोजून घ्या, चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका. मोठ्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी घेऊन दोन्ही थोडं थोडं टाका. फसफसून वर येतं, म्हणून पातेलं मोठं. फेस बसला की एक उकळी काढा. उरलेलं पाणी चाखून बघा, किंचित खारट लागलं पाहिजे. आंबट लागलं तर चिमटीभर सोडा आणखी, साबणासारखं लागलं तर सोडा जास्त झालाय, टाकून परत करा. हे पाणी दुधात मिसळायचं आणि मग चेडार. इतवारीत मसाल्याच्या दुकानात लिंबूसत्त्व सहज मिळतं, चेडारसाठी मात्र धरमपेठ किंवा सदरकडची मोठी दुकानं बघावी लागतात.

राहिलं दूध. अमेरिकन कृतींत ‘इव्हॅपोरेटेड मिल्क’चा डबा असतो. त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी उडवलेलं असतं आणि ते फाटू नये म्हणून त्यात स्थिर करणारे क्षारही असतात. त्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क घालू नका. ते गोड असतं, त्यात चाळीस-पंचेचाळीस टक्के साखर असते. माझ्या स्वयंपाकाच्या वर्गात दर वेळी कोणीतरी हा डबा घेऊन येतंच. आपला मार्ग साधा आहे. दीड लिटर फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवून एक लिटर करा. तेवढा वेळ नसेल तर एक लिटर दुधात ६० ग्रॅम दूध पावडर फेटून उकळी आणा. म्हशीचं दूध असेल तर वर आलेली साय काढून घ्या, नाहीतर तिचे तुकडे सॉसमध्ये तरंगत राहतात. दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या थंड दुधात कालवून आटत्या दुधात सोडा आणि दोन मिनिटं उकळा. स्टार्च प्रथिनांच्या मधे मधे बसतो, त्यामुळे दूध फाटायला सहज तयार होत नाही.

आता तुमच्या भिशीचं गणित. बारा जणींना, सोबत दुसरं काहीतरी असणारच, तर अर्धा किलो मॅकरोनी भरपूर होते. ४०० ग्रॅम प्रोसेस्ड चीज किसून, १०० ग्रॅम चेडार (नसेल तर तेवढंच प्रोसेस्ड), वर पसरायला १०० ग्रॅम मोझरेला, ५० ग्रॅम लोणी, अर्धा छोटा चमचा मोहरीची पूड, मिरपूड, जायफळ किसून अगदी नखभर. मोहरी वगळू नका, चीजचा खारटपणा तिच्यामुळे एकसुरी लागत नाही. मीठ सॉसमध्ये आधी घालायचंच नाही, चीजमध्ये भरपूर असतं. मोझरेला अख्खं आणून घरी किसा, किसून आलेल्या पाकिटात ते सुटं राहावं म्हणून पीठ लावलेलं असतं. एवढ्याला साडेचार लिटरच्या आसपासचा कुकर बरोबर, दोन तृतीयांश भरतो. तुमचा तीन लिटरचा असेल तर सगळं निम्मं करा, काठोकाठ भरू नका.

पाहुण्या येण्याच्या दोन तास आधी कुकर रिकामाच ‘हाय’वर लावा, आतून लोणी फासून. काही कुकरच्या पुस्तिकेत रिकामा तापवू नये असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर तळाला वाटीभर गरम पाणी ठेवा आणि नंतर ओतून टाका. गार चिनी मातीच्या भांड्यात उकळतं काही ओतायचं नाही आणि तापलेल्यात गार काही नाही, भांडं तडकतं. एवढ्यात एका बाजूला दूध तयार करा, दुसरीकडे चार लिटर पाणी खळखळून उकळवून त्यात दोन मोठे चमचे मीठ घाला.

गॅस बंद करून दुधात प्रोसेस्ड चीज मूठमूठ घालत फेटा, मग चेडार. उकळत्या दुधात चीज टाकू नका. सॉस या वेळी तुम्हाला पातळ वाटेल, डावाच्या मागे जेमतेम थर धरेल, दाट आमटीपेक्षा जरा सैल. तो तसाच हवा. अर्ध्या शिजलेल्या पास्त्याला अजून बरंच पाणी प्यायचंय. इथेच बायका घाबरून आणखी चीज घालतात आणि मग तासाभराने वडी पाडायची वेळ येते.

मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेच्या निम्मीच शिजवा. आठ मिनिटं लिहिलं असेल तर चार. दाणा दाताखाली तोडून बघा, मधे पांढरा ठिपका स्पष्ट दिसला पाहिजे. चाळणीत ओतून त्यावर एक तांब्याभर गार पाणी मारा आणि निथळा. पास्ता कधी धुवू नये असं इटालियन पद्धतीचे लोक सांगतात आणि त्यांच्या पानात ते खरंही आहे. इथे मात्र शिजणं तिथल्या तिथे थांबवायचंय आणि अंगावरचा सुटा स्टार्चही काढायचाय. उरलेलं लोणी चोळून कुकरमध्ये घाला, वरून गरम सॉस ओता, हलक्या हाताने ढवळा. झाकणाखाली स्वच्छ सुती पंचा ताणून बसवा आणि त्याची टोकं झाकणावर बांधा, लोंबती सोडू नका. झाकणावर जमणारी वाफ पास्त्यावर टपकत नाही, पंचा पिऊन घेतो.

बटण ‘लो’वर. अर्ध्या तासाने एकदाच उघडा, उलथन्याने कडेचं मधे घ्या, पुन्हा झाका. दर वेळी झाकण उघडलं की वीसेक मिनिटांची उष्णता जाते, म्हणून येता-जाता डोकावायचं नाही. पाऊण तास ते तासाभरात होतो. मोझरेला पसरा, झाकण ठेवा, दहा मिनिटांनी ‘वॉर्म’वर आणा. एवढंच त्या कुकरचं काम. शिजवणं गॅसवर आणि गरम ठेवणं कुकरवर, अशी वाटणी केली की तुमचे सगळे त्रास जातात. मग कोणी मिहानच्या ऑफिसातून उशिरा आली तरी तिला वाफाळता मिळतो. ‘वॉर्म’वर दीड-दोन तासांपलीकडे नको. घट्ट होत गेला तर अर्धी वाटी गरम दूध घालून सैल करा. आत थर्मामीटर घालून बघता आलं तर ६० अंशांच्या वर असायला हवं.

‘रात्रीच भरून टायमर लावला तर?’ हेही हमखास विचारतात. दूध-चीजच्या पदार्थाला उशिरा सुरू होणारा टायमर लावायचाच नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर स्वप्नातही नाही. बाहेर ४५ अंश, स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं, अशात भरलेलं दूध चार तास कसं टिकेल? ५ ते ६० अंशांच्या मधला काळ जितका कमी तितकं बरं. लाईन गेली तर झाकण न उघडता ठेवा, जाड भांडं बराच वेळ ऊब धरतं. अर्ध्या-पाऊण तासात आली तर काळजी नाही. नाही आली तर पातेल्यात काढून गॅसवर घ्या. दोन तास कोमट पडून राहिलेला पास्ता मात्र टाकून द्यायचा, परत उकळला तरी काही जंतूंनी सोडलेलं विष जात नाही.

तिखटाचं विचारलं नाहीत, पण भिशी नागपूरची आहे आणि पहिल्या घासानंतर कोणीतरी ‘थोडं तिखट असतं ना बाप्पा’ म्हणणारच. ते सॉसमध्ये घालू नका, विशेषतः टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर. आम्ल गेलं की दूध फाटलं. वेगळ्या कढल्यात तेल तापवून खाली उतरवा, ठेचलेला लसूण तांबूस होऊ द्या, मग भरड कुटलेली भिवापुरी मिरची आणि चिमूटभर मीठ. वाटीत घालून शेजारी ठेवा, जिची तिने ओतून घ्यावी. पिवळ्या पास्त्यावर तो लाल तवंग दिसतोही झकास. हा तवंग मुद्दाम आणलेला आहे, बरं का. भाज्या घालायच्या तर सिमला मिरची आणि मक्याचे दाणे तुपावर परतून, पाणी आटवून, शेवटच्या दहा मिनिटांत. मशरूम फार पाणी सोडतात, मी घालत नाही.

शाकाहारी मैत्रिणी असतील तर खरं आयात केलेलं पार्मेसान वरून किसू नका. पार्मिजानो रेज्जानोमध्ये दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तो त्याच्या कृतीचाच नियम आहे. देशी ब्लॉकवर हिरवा ठिपका असतो, तो बघून घ्या.

ट्रान्सफॉर्मरच्या भानगडीत पडायचं नसेल तर हाच पास्ता जाड बुडाच्या पातेल्यात करून ते तव्यावर सगळ्यात मंद आचेवर ठेवता येतं, किंवा ‘वॉर्म’ बटण असलेल्या विजेच्या भाताच्या कुकरमध्ये. तिथे मात्र मॅकरोनी निम्मी नको, पाऊण शिजवा, कारण नुसत्या उबेवर ती पुढे फारशी शिजत नाही.

उरला तर कुकरचं भांडं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नका, एवढ्या जाड भांड्यात मधला पास्ता गार व्हायला फार वेळ लागतो. पसरट डब्यात काढा, वाफ गेली की फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवा. गरम करताना कढईत थोडं दूध घालून झाकण ठेवून मंद आचेवर, स्लो कुकरमध्ये नाही. आणि फार घट्ट झाला असेल तर त्याचे चपटे गोळे करून, रव्यात घोळवून तव्यावर लालसर भाजा. मुलं मूळ पास्त्यापेक्षा हेच आधी संपवतात.